मालाची भरणी : गोणीपासून मालमोटारीपर्यंत

निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं, चांदोरीच्या समोर, सायखेडा हें बाजाराचें गांव वसलेलें आहे. नदीकांठच्या काळ्या जमिनींत पिकलेलें धान्य, आणि पुढें कांदा व द्राक्षें, बाहेरगांवीं न्यावयाचीं म्हणजे माल भरण्याचा प्रश्न आलाच. तो हमालाच्या बळाचा प्रश्न आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो तोलाचा आहे. आणि तोल चुकला हें सांगणारा कोण, हें मात्र काळाप्रमाणें बदलत आलेलें आहे.

सडका होण्यापूर्वीं देशावरचें धान्य घाट उतरून जाई तें लमाणांच्या बैलांवर. परततांना तेच बैल मीठ घेऊन येत. बैलाच्या पाठीवर गोण आडवी टाकली कीं तिचीं दोन पोटें दोहों अंगांस सारखीं लोंबलीं पाहिजेत. एका अंगास थोडें जड झालें तर ती सरकत सरकत खालीं येई आणि बैलाची पाठ सोलून निघे. जखमी पाठीचा बैल म्हणजे तांड्याला एक पोट अधिक व एक पाठ उणी! ओझ्याच्या मोठ्या बैलावर 175 किलोंहून अधिक भार घालूं नये, असा लेखी नियम झाला तो 1965 सालीं, म्हणजे तांडे जवळजवळ नाहींसे झाल्यावर.

गाडीची गोष्ट याहून नाजूक आहे. दख्खनमधील जुन्या गाड्या भरीव, जड चाकांच्या असत. 1830 नंतरच्या दशकांत लेफ्टनंट गेसफर्ड यांनीं हलक्या, आऱ्यांच्या चाकाची सुधारलेली गाडी तयार केली आणि सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें ती बनविण्याचा कारखाना निघाला. अशा दोन चाकी गाडीचा सारा भार आंसावर तोललेला असतो. पोतीं मागें अधिक पडलीं तर गाडी उलाळ होते, जूं वर उचललें जातें व जोतें बैलाचा गळा आवळतें. पुढें अधिक पडलीं तर तोच भार मानेवर येतो आणि दोन दिवसांत खांदा सुजतो. म्हणून जाणता गाडीवान जड पोतीं आंसावर रचून भार किंचित् पुढें ठेवी, शिपाई काढण्यापूर्वीं जूं हातानें उचलून पाही, आणि मगच चऱ्हाट आवळी. हें शास्त्र त्याला कोणत्याहि शाळेनें शिकविलें नव्हतें. बैलाच्या मानेनें शिकविलें.

घाटांत ही परीक्षा अधिक कठीण होई. उतारावर पोतीं पुढें सरकत, चढावर मागें. दोर सैल असेल तर एकाच वाटेवर बैलाला दोन्ही शिक्षा भोगाव्या लागत.

1 जानेवारी 1865 रोजीं थळ घाटांतून आगगाडी सुरू झाली आणि गाडीवानाची वाट खेरवाडी किंवा निफाड स्थानकापुरती आंखडली. तिकडे विलायतेंत गलबतें बेसुमार भरून खलाशी बुडत असत. सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या खटपटीनें 1876 सालीं जहाजांच्या अंगावर भाररेषा काढणें कायद्यानें आवश्यक झालें. गलबत हंबरत नाहीं, म्हणून रेघ हवी.

मालमोटारहि हंबरत नाहीं. तिचें यंत्र वाटेल तेवढा भार ओढतें, आणि चूक कळते ती वळणावर, किंवा अचानक ब्रेक लावल्यावर, जेव्हां गाडी थांबते व माल थांबत नाहीं. म्हणून बैलाच्या मानेचें काम कायद्याच्या आंकड्यांना करावें लागलें. 2018 सालीं पुढें दोन व मागें चार चाकें असलेल्या मालमोटारीची मालासह मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेण्यांत आली. 2019 च्या दुरुस्तीनें जादा भाराचा दंड 20,000 रुपये, शिवाय दर जादा टनास 2,000 रुपये असा झाला. परंतु कांटा एकंदर वजन सांगतो, तें गाडींत कोठें बसलें आहे हें सांगत नाहीं. तेथें अजून भरणाऱ्याचाच हात पाहिजे.

कांद्याच्या गाडींत तर आणखी एक अडचण असते. सैल बांधला तर तो ढळतो, ताडपत्रीनें पुरा कोंडला तर वारा न लागून सडतो. म्हणून गोणी एकमेकींच्या सांध्यांवर रचून, वारा खेळेल एवढी फट ठेवून दोर आवळतात. वाटेंतल्या हिसक्यांनीं गोणी दबतात आणि गांवीं ताठ असलेला दोर ढिला पडतो. मुंबईकडे जाणारा जाणता चालक इगतपुरीच्या आसपास, कसारा घाट लागण्यापूर्वीं, खालीं उतरतो आणि प्रत्येक दोर ओढून पाहातो.