हळदीच्या पातेल्यापासून रंगाच्या पुडीपर्यंत : घरी सुती कापड रंगवण्याचा इतिहास

धागा 🧵 ठाण्याची वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी एक. महामंडळ स्थापन झाले १९६२ साली. पुढे याच पट्ट्यात, डोंबिवली-कल्याण-अंबरनाथकडे, रंग आणि रंगांची कच्ची रसायने बनवणारे कारखाने उभे राहिले. त्याआधी मात्र रंग स्वयंपाकघरात आणि रंगाऱ्याच्या दारी होता.

रेशीम आणि लोकर रंग सहज धरतात; कापूस धरत नाही. म्हणून घरी जमण्याजोगे रंग मोजकेच होते. हळद त्यांतला पहिला. ती कापसावर थेट बसते, पण उन्हात विटते आणि साबण लागला की लालसर होते. (हळदीवर खाराची प्रक्रिया करून कुंकू बनते, ते याच गुणामुळे.)

कुसुंबा अधिक गमतीचा. करडईच्या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा साध्या पाण्यात धुऊन काढायचा, लाल खाराच्या पाण्यात उतरवायचा आणि लिंबाच्या रसाने कापडावर बसवायचा. दोन-चार धुण्यांत तो फिका पडे. सणाच्या आधी वस्त्र पुन्हा रंगवावे लागे. 'कुसुंबी' वस्त्राची अपूर्वाई बरीचशी या नश्वरतेतून आली असावी, असे माझे मत.

पक्का लाल आणि पक्का निळा हे मात्र घरचे काम नव्हते. लालसाठी कापड आधी हिरड्यात भिजवायचे, मग तुरटीत, आणि नंतर आलीच्या मुळांसोबत उकळायचे. आलीची लागवड खानदेश-वऱ्हाडात होई. मुळे खणण्यायोग्य व्हायला काही वर्षे लागत. नीळ पाण्यात विरघळतच नाही. चुना आणि गूळ घालून ती हौदात आंबवावी लागे. हौदातून कापड हिरवट पिवळे निघे आणि हवा लागताच निळे होई. त्या वासाचे हौद सांभाळणारे ते रंगारी. पुण्याच्या सार्वजनिक गणेशोत्सवातले भाऊ रंगारी हे मूळचे जावळे. शालू रंगवण्याच्या घरच्या व्यवसायावरून हे नाव पडले, असे सांगतात.

नैसर्गिक म्हणजे निष्पाप, असे मात्र समजू नका. बंगालच्या शेतकऱ्यांनी १८५९ साली निळीविरुद्ध उठाव केला आणि १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले ते नीळ पिकवण्याच्या सक्तीमुळेच.

१८५६ साली विल्यम पर्किनला लंडनमध्ये कृत्रिम जांभळा रंग सापडला. १८६९ पर्यंत मंजिष्ठेतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत बनू लागले आणि आलीची शेती हळूहळू बुडाली. १८९७ साली जर्मन कृत्रिम नीळ बाजारात आली. परंतु घराघरांच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८८४. त्या वर्षी पाऊल बॉटिगरने काँगो रेड शोधला. हिरडा नको, तुरटी नको. गरम पाणी, थोडे मीठ आणि सुती कापड. अशा थेट बसणाऱ्या रंगांमुळे पुडी आणून घरच्या भांड्यात साडी रंगवणे शक्य झाले. रंगाऱ्याचे गिऱ्हाईकही तिथेच कमी झाले.

याची किंमत प्रथम कारखान्यांत दिसली. काँगो रेड ज्यापासून बनतो ते बेंझिडीन मूत्राशयाचा कर्करोग निर्माण करते. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यवैद्याला रंगकारखान्यातील कामगारांत हा कर्करोग आढळला. भारतात बेंझिडीनवर आधारित रंगांवर बंदी आली ती १९९० च्या दशकात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे! ज्या पातेल्यात रंग उकळला त्यात पुन्हा अन्न शिजवू नये हा नियम म्हणून कसोशीने पाळावा.

१९५६ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने कापसाच्या तंतूशी रासायनिक बंध जोडणारे रंग विक्रीस आणले. कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा एवढ्यावर पक्का रंग! आजचे घरगुती टाय-अँड-डाय बहुतांशी याच रंगांचे. त्यात एक उणीव आहे: सगळा रंग तंतूला चिकटत नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावतो आणि मग कधीच बसत नाही. म्हणून 'पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा' अशी सूचना असते. ते पाणी मोरीतून नाल्यात जाते. घरची बादली त्यात नगण्य. कारखान्यांची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला एक रस्ता गुलाबी झाला होता.