पाच वॉट आणि एक नॉब

१९७० साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत एरिक क्लॅप्टन आणि डुएन ऑलमन ‘लैला’ अल्बमचं रेकॉर्डिंग करत होते. त्या काळी रॉक गिटारिस्ट म्हटला की त्याच्या पाठीमागे माणसाच्या उंचीची अ‍ॅम्पची भिंत हवीच. इथे मात्र दोघांकडे होते फेंडरचे छोटे अ‍ॅम्प, एका हातात उचलून नेता येतील असे. टॉम डाउडसारख्या मुरलेल्या माणसाच्या देखरेखीखाली जे रेकॉर्ड झालं, त्यात गिटारचा आवाज कुठेही लहान वाटत नाही. मायक्रोफोनला अ‍ॅम्पचं आकारमान कळत नाही, त्याला फक्त समोरचा आवाज कळतो.

हे छोटे अ‍ॅम्प मुळात अशा कामासाठी बनलेच नव्हते. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८मध्ये त्याने दुकान टाकलं. पुढे गिटार आणि अ‍ॅम्प बनवायला लागला, तेव्हा शिकाऊ मुलांसाठी स्वस्तातलं काहीतरी हवं म्हणून १९४८च्या सुमारास ‘चँपियन ८००’ आला, मग ‘चँपियन ६००’, आणि पन्नासच्या दशकात त्याचं नाव नुसतं ‘चँप’ झालं. मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारसोबत तो जोडीने विकला जाई. आठ इंची स्पीकर, जेमतेम पाच वॉट, आणि समोर एकच नॉब: आवाजाचा. बास नाही, ट्रेबल नाही. नॉबवर आकडे मात्र बारापर्यंत.

आत तीन ट्यूब. पहिली गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणारी, दुसरी स्पीकर हलवणारी, तिसरी घरातल्या उलटसुलट प्रवाहाला एकाच दिशेने वळवणारी. ट्यूबचं काम समजायला नळ डोळ्यांसमोर आणावा. तापलेल्या तारेच्या आधाराने एका टोकाकडून इलेक्ट्रॉन सुटतात, दुसऱ्या टोकाकडची पट्टी त्यांना ओढून घेते, आणि मधली जाळी त्यांना अडवते किंवा सोडते. जाळीवर गिटारचा सिग्नल. ब्रिटिशांनी या वस्तूला ‘व्हॉल्व्ह’ म्हणजे झडप म्हटलं ते म्हणूनच, आणि आपल्याकडे आजोबांच्या पिढीने रेडिओच्या संदर्भात तोच शब्द उचलला.

स्पीकर हलवणारी ६व्ही६ ही ट्यूबसुद्धा मूळची रेडिओतलीच, १९३०च्या दशकातली. म्हणजे चँप हा, स्टेशन पकडण्याचा भाग काढून टाकलेला रेडिओच म्हणा ना. रेडिओवाल्याला आवाज स्वच्छ हवा असे. गिटार वाजवणाऱ्या पोरांनी नॉब बारावर नेला आणि ट्यूबला झेपेना. लाटेचे शेंडे छाटले गेले, छोटा ट्रान्सफॉर्मर कोंडला, आठ इंची कागदी कोन फडफडला. इंजिनिअरच्या भाषेत हा दोष. कानाला मात्र सूर दाट झाला, बोटाच्या दाबाप्रमाणे घोगरा किंवा मोकळा होऊ लागला. हळू वाजवा, आवाज साफ. जोरात छेडा, तो गुरगुरतो. पैसे वाचवायला जे गाळलं, त्यातूनच हा आवाज आला.

पण काटकसर सगळीकडे इतकी सुरेल नव्हती. त्याच काळात अमेरिकेत अत्यंत स्वस्त अशा अ‍ॅम्पची एक जात होती, आणि तिची मुळंही रेडिओतच आहेत. तिथल्या घरगुती रेडिओत पाच ट्यूबचा एक ठरलेला संच असे. त्यांच्या नावातला पहिला आकडा म्हणजे आतली तार तापवायला लागणारे व्होल्ट. एक ५०ची, एक ३५ची, तीन १२च्या. बेरीज १२१, म्हणजे जवळपास तिकडच्या भिंतीतली वीज! सगळ्या तारा एकामागोमाग जोडून थेट भिंतीत खुपसल्या की वजनदार, महागडा पॉवर ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. हिशेब म्हणून हे मला अजूनही सुंदर वाटतं.

गोची अशी की ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलत नाही, तो भिंतीतल्या विजेला तुमच्यापासून वेगळं ठेवतो. रेडिओ लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पेटीत बंद असे, त्यामुळे निभावून जाई. गिटारच्या तारा मात्र केबलमधून थेट अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात, आणि तारांवर आपली बोटं. दोन पिनांची पिन उलटी लागली, आतला एखादा भाग निकामी झाला, की तारांमध्ये वीज. या अ‍ॅम्पना जुने दुरुस्तीवाले ‘विडो मेकर’ म्हणतात, म्हणजे बायकोला विधवा करणारे. शिकाऊ पोरांसाठी बनवलेल्या वस्तूला हे नाव पडावं!

१९६५च्या आसपास मोठ्यांची शर्यत सुरू झाली. ‘द हू’ला आणखी आवाज हवा होता, लंडनच्या जिम मार्शलने शंभर वॉटचा अ‍ॅम्प दिला. मैदानं भरत होती, गाण्याचे माइक आणि स्पीकर दुबळे होते, तेव्हा गरजही होती. छोटे अ‍ॅम्प क्लासच्या कोपऱ्यात आणि पलंगाखाली गेले. पाठोपाठ ट्रान्झिस्टरने ट्यूबचाच बाजार उठवला. अमेरिकेत आरसीएने १९७६मध्ये ट्यूब बनवणं थांबवलं. तरी ही वस्तू मेली नाही, कारण सोव्हिएत संघ, पूर्व युरोप आणि चीनमधले कारखाने चालू होते. शीतयुद्ध संपण्याच्या सुमारास न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूजने रशियन ट्यूब पश्चिमेत आणून विकल्या, आणि ब्लूज वाजवणारी अमेरिकन पोरं सारातोव्ह शहरातल्या कारखान्याच्या ट्यूबवर ब्लूज वाजवू लागली. २०२२च्या मार्चमध्ये रशियाने निर्यातबंदी जाहीर केली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ उडाली, ती यामुळे.

घरात वाजवायच्या स्वस्त ट्यूब अ‍ॅम्पचं पुनरागमन झालं ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, चिनी कारखान्यांमुळे. एपिफोनचा ‘व्हॉल्व्ह ज्युनिअर’ आला. पाच वॉट, दोन ट्यूब, आणि पुन्हा एकच नॉब! सुरुवातीचे नग गुणगुणायचे. लोकांनी इस्त्रीऐवजी सोल्डरिंग आयर्न हातात घेतली आणि घरोघरी तो सुधारला. फेंडरने ‘चँपियन ६००’ परत काढला, व्हॉक्सने चार वॉटचा, बुगेराने पाच वॉटचा.

तर आज यातलं काही घ्यायचं असेल, तर ब्रँड बघण्याआधी काटकसर कुठे केली आहे ते बघावं, असं माझं मत. नॉब कमी आहेत? बिघडत नाही. पेटी साध्या पार्टिकल बोर्डाची आहे? चालेल. स्पीकर लहान आहे? मागे बाहेरच्या स्पीकरसाठी जागा आहे का पाहा, पुढेमागे बारा इंची जोडता येईल. ट्रान्सफॉर्मरवर आणि अर्थिंगवर मात्र काटकसर नको. जुना अमेरिकन अ‍ॅम्प कितीही देखणा असला तरी तो ११०-१२० व्होल्टचा, आपल्या २३०वर थेट लावला की धूर. दोन पिनांचा असेल तर आधी जाणत्याकडून तीन पिनांची वायर बसवून घ्यावी. स्वतः मागचं झाकण उघडू नये, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात. आणि स्पीकर काढून ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

आता शेजाऱ्यांचं. शंभर वॉटच्या विसाव्या हिश्श्याचा अ‍ॅम्प विसाव्या हिश्श्याइतकाच वाजेल, असं वाटतं. कान तसं मोजत नाही. वॉट दहापट झाले तर आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पाच वॉट हे शंभरच्या जेमतेम अडीच पट कमी वाटतात. वन बीएचकेत चँप बारावर नेला तर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमचं नाव निघालंच समजा. रात्री हेडफोन लावूनच वाजवायचं असेल, तर ट्यूबचा हट्ट सोडून डिजिटल अ‍ॅम्प घ्यावा, पैसेही वाचतील.

हट्ट असेलच, तर बुगेरासारख्या काही अ‍ॅम्पमागे एक बारकी कळ असते: ५ वॉट, १ वॉट, ०.१ वॉट. ट्यूब पूर्ण ताकदीने राबते, सूर तसाच गुरगुरतो, आणि स्पीकरपर्यंत पोहोचतो त्याचा पन्नासावा हिस्सा. उरलेली सगळी वीज आतल्या रोधकांमध्ये गरम होऊन जाते.