माळवदांचा मुलूख आणि भूमीचा संथ रेटा

बालाघाटाच्या डोंगररांगेच्या पश्चिमेस वसलेली भगवंताची बार्शी ही इंग्रजी अमलात खालसा मुलखाच्या कडेची पेठ होती; पूर्वेस थोडे पुढे गेले की निजामाची मोगलाई लागे, आणि १८९७ साली सुरू झालेली अरुंद रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली, तेव्हा हे दोन अंमल व्यापाराने अधिकच निकट आले. सरहद्दीने महसूल वेगळा केला, जकात वेगळी केली, कचेरीची भाषाही वेगळी केली. घर मात्र दोन्हीकडे एकच राहिले.

ते घर म्हणजे माळवद. काळ्या दगडाची, चिखलात रचलेली रुंद भिंत, तिचे आतले व बाहेरचे असे दोन पदर, मधल्या पोकळीत गोटे आणि माती, आणि वर लाकडी तुळयांवर पसरलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखाचे ऊन आणि दरोडेखोराची पहार या दोहोंना ही भिंत पुरून उरे. छत गळू लागले की त्यावर नवी माती पडे, आणि अशा रीतीने निजणाऱ्याच्या डोक्यावरचा भार पिढीगणिक वाढत जाई.

ज्या भूमीच्या भरवशावर हे सारे उभे होते, ती स्थिर नव्हती. भारताचे भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत आहे. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी ते आशियास भिडले, हिमालय उचलला गेला, आणि त्या अडथळ्याचा उलटा दाब संपूर्ण द्वीपकल्पात पसरला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांखाली दडलेल्या प्राचीन खडकातील जुन्या भेगांवर हा दाब इतक्या संथपणे साठतो की, एखादी भेग पुन्हा सरकण्यापूर्वी राज्येच काय, मानवी वस्तीचा सगळा इतिहास उलटून जाऊ शकतो.

अशी एक भेग बार्शीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, किल्लारीजवळ सरकली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी खडकाची एक बाजू दुसरीवर चढली. तीव्रता ६.२ होती, हिमालयाच्या मानाने ती अतिप्रचंड नव्हे, परंतु उगमस्थान भूपृष्ठाच्या फार जवळ होते. भिंतींचे पदर एकमेकांपासून सुटले, पिढ्यांनी साठविलेली माती खाली आली, आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली.

यात गवंड्यास दोषी धरणे मला घोर अन्यायाचे वाटते. हिमाचलातील कारागीर दगडी भिंतीत ठरावीक उंचीवर लाकडाचे आडवे पट्टे घालतात, कारण तेथे भूमी वारंवार हादरते आणि आजोबांनी पाहिलेले नातवाच्या हाती उतरते. आमच्या गवंड्याच्या आजोबांनी पाहिला तो दुष्काळ. १८७६-७७ ची उपासमार सोलापूर जिल्ह्याने भोगली, आणि म्हणून धान्याचे पेव कसे राखावे हे घरोघर ठाऊक होते. भिंतीला कोणता धडा द्यायचा, हे सांगणारे कोणीच नव्हते. १९९२ मध्ये किल्लारीस धक्के बसले होते, तरी शासकीय नकाशावर तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याचाच होता.

बावन्न गावे पुढे नव्या जागी उभारली गेली. बार्शी परिसरातील जुनी माळवदे पाडलीच पाहिजेत असे नाही. छतावरील जादा माती उतरवावी, दोन्ही पदरांतून आरपार जाणारे लांब दगड बसवावेत, आणि चारही भिंतींना एका पट्ट्याने बांधून घ्यावे. हे काम गावचा गवंडी आजही करू शकतो.