गाड्याचा नळा आणि चाकाचा सांधा : रायगड किनाऱ्याच्या वाहतूक-इतिहासातील एक प्रकरण

१

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण मराठीत सर्वपरिचित आहे. थोरांच्या संगतीने लहानाचेही साधते, असा तिचा अर्थ केला जातो. परंतु म्हणीतील नळा म्हणजे काय, हे आता मुद्दाम सांगावे लागते. बैलगाडीच्या आसाला द्यावयाचे वंगण ज्या नळकांड्यात भरून ते गाडीला टांगीत, तो हा नळा. म्हणीने त्याला फुकटचा यात्रेकरू ठरविले; वस्तुतः त्याच्यावाचून गाडा यात्रेच्या गावी पोचलाच नसता.

प्रस्तुत निबंधाचा विषय या नळ्याच्या वंशजाशी निगडित आहे. 'एस.यू.व्ही.' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच व जड मोटारींच्या पुढील चाकापाशी एक लहानसा सांधा असतो. त्याला कारागीर 'बॉल जॉइंट' म्हणतात. मनुष्याच्या खांद्यात व खुब्यात जो उखळीचा सांधा असतो, त्याच जातीचा हा सांधा होय : पोलादी गोळा खोबणीत बसलेला, आणि म्हणून अनेक दिशांनी फिरू शकणारा. हा सांधा अपेक्षित आयुष्य सरण्यापूर्वीच झिजला, तर दोष कोणाचा, असा प्रश्न उभा राहतो. गाडीचा मालक कारखान्याकडे बोट दाखवितो, कारखाना रस्त्याकडे, आणि रस्त्याचे अधिकारी चालकाकडे. रायगडच्या किनाऱ्यापुरते पाहिले, तर या वादाचा उलगडा यंत्रशास्त्राइतकाच इतिहासाने होतो. तेथे दोन निरनिराळ्या इतिहासांची गाठ पडली आहे : एक चाकाच्या सांध्याचा, दुसरा चाकाखालच्या रस्त्याचा.

२

रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असे होते. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमालेत १८८३ साली प्रसिद्ध झालेला अकरावा खंड कुलाबा जिल्हा व जंजिरा संस्थान यांचा आहे. या प्रदेशाचा नकाशा समोर ठेवला, की चाकाला येथे उशिरा स्थान का मिळाले, हे ध्यानी येते. धरमतर, रेवदंडा, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी किनारा ठिकठिकाणी तोडला आहे, आणि पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत उभी आहे. अशा मुलखात जड मालाची ने-आण पडाव, मचवे व गलबते यांनी होई, घाटावरचा माल लादणीच्या बैलांच्या पाठीवरून उतरे, आणि माणसे पायी, घोड्यावर किंवा डोलीतून जात. नागोठण्याचा निजामशाही अमदानीतील दगडी पूल आजही पाहता येतो. त्याची अरुंद रुंदी पाहता तो गाड्यांच्या रहदारीपेक्षा पादचारी, स्वार व लादलेले बैल यांच्यासाठी अधिक सोयीचा होता, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

चाकाच्या वाहतुकीला पहिली मोठी वाट मिळाली ती जिल्ह्याच्या ईशान्य कडेला. १८३० साली बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला. दक्षिणेकडे महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल बांधला गेला तो १९२८ साली, म्हणजे मोटारीच्या युगात. प्रत्यक्ष किनाऱ्यावर मात्र जलमार्गाचेच राज्य चालू राहिले. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. मुंबई आणि हा किनारा यांमधील येणे-जाणे तोपर्यंत बोटीवर किती अवलंबून होते, याचा तो दारुण पुरावाच म्हटला पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, जंजिरा संस्थान विलीन झाले आणि त्याच वर्षी मुंबई राज्यात सरकारी एस.टी. बस सुरू झाली. किनाऱ्यावरील मोटार-रस्त्यांचा खरा विस्तार त्यानंतरचा आहे. याचा अर्थ असा, की ज्याला आज पूर्वापार वाटणारा कोकणचा रस्ता म्हणतात, तो बव्हंशी तीन-चार पिढ्यांचाच आहे.

३

आता सांध्याच्या इतिहासाकडे वळावे. बैलगाडीत चाक आसाभोवती फिरते, एवढेच त्याचे काम. वळण घ्यावयाचे तर बैल आणि त्यांच्यामागे सबंध गाडी वळते. मोटारीच्या पुढील चाकाला मात्र तीन कामे करावी लागतात : फिरणे, डावी-उजवीकडे वळणे, आणि रस्त्याच्या चढउताराप्रमाणे खालीवर होणे. जुन्या मोटारींत व मालमोटारींत ही कामे वेगवेगळ्या अवयवांकडे सोपविलेली असत. दोन्ही चाकांमध्ये एकच ताठ आस असे. तिच्या टोकांना 'किंगपिन' नावाची जाड उभी खीळ असे आणि चाक त्या खिळीभोवती वळे. खालीवर होण्याचे काम पाट्यांच्या स्प्रिंगा करीत. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप याच घराण्यातली होय. तिच्या पुढील आसाच्या टोकांना गोलाकार घरे असत, त्यांत वंगण भरलेले असे, आणि चाकाचे वळणे वर-खाली बसविलेल्या निमुळत्या रोलर बेअरिंगांवर होई.

ही रचना ओबडधोबड, पण सोशीक होती. तिची अट एकच : वेळोवेळी वंगण दिले पाहिजे. त्यासाठी किंगपिनला बारीक तोंडे ठेवलेली असत आणि कारागीर पिचकारीने त्यांत ग्रीस भरी. ताजे ग्रीस आत जाताना जुने, मातीने व पाण्याने खराब झालेले ग्रीस बाहेर पडे. याच निमित्ताने चाक हलवून पाहिले जाई, आणि खीळ सैल झाली असेल तर ते तेथेच उमगे. वंगण देण्याच्या या रिवाजात तपासणीही आपोआप साधत असे.

पुढे प्रत्येक चाक दुसऱ्यापासून स्वतंत्रपणे खालीवर व्हावे, म्हणजे बैठक सुखाची व वेगात चाकाची पकड चांगली राहील, हा विचार रूढ झाला. त्यासाठी ताठ आस जाऊन तिच्या जागी वर एक व खाली एक असे दोन हात आले, आणि त्या हातांच्या टोकांशी उखळीचे सांधे बसविले गेले. अमेरिकेत लिंकन मोटारीने १९५२ साली अशी रचना विक्रीच्या गाडीत आणली. दोन वर्षांनी फोर्डच्या स्वस्त गाड्यांतही ती आली. वळणे आणि खालीवर होणे ही दोन्ही कामे आता एकाच सांध्याने सांभाळली. त्याच्या पुढची पायरी म्हणजे सांधा कायमचा बंद करणे. कारखान्यातच ग्रीस भरून, गोळ्याभोवती प्लॅस्टिकसारख्या द्रव्याचे अस्तर देऊन, वरून रबराचे आवरण चढवावयाचे. या आवरणाला गॅरेजात 'बूट' म्हणतात. मालकाची कटकट वाचली, हा उघड लाभ. परंतु ग्रीस भरण्याचे तोंड गेले, आणि त्याबरोबर चाकाकडे पाहण्याचे निमित्तही गेले. गाड्याबरोबर जाणारा नळा येथे यात्रेतून वगळला गेला.

४

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर स्पष्टपणे पाहावयास मिळते. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जुळविण्यास प्रारंभ केला. १९५२ साली समूहविकास योजना सुरू झाल्यावर ही जीप देशभर सरकारी कामाचे प्रतीकच बनली. त्यानंतर चार दशकांनी पुण्याच्या टाटा कारखान्यातून सिएरा (१९९१), सुमो (१९९४) व सफारी (१९९८) बाहेर पडल्या. यांतील सुमो हे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. २००२ मध्ये महिंद्रची स्कॉर्पिओ आली. या नव्या पिढीची पुढील चाके स्वतंत्र हातांवर व उखळीच्या सांध्यांवर उभी होती. बाह्य रूप जीपचे, पण सांधा मोटारीचा, असे हे मिश्रण होते. खरेदीदाराच्या मनात मात्र रूपावरून जीपचाच सोशीकपणा गृहीत धरला गेला.

याच सुमारास किनाऱ्यावरील रहदारीचेही स्वरूप पालटले. पनवेलहून पेण, वडखळ, नागोठणे, माणगाव, महाड या मार्गाने गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. १७ हा २०१० साली क्र. ६६ झाला, आणि २०११ पासून पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण हाती घेण्यात आले. ते दशकाहून अधिक काळ रेंगाळले. त्या अवधीत अर्धवट पूल, तात्पुरती वळणे आणि दर पावसाळ्यात उखडणारा पृष्ठभाग हे गणेशोत्सवाला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांच्या नित्य परिचयाचे झाले. खड्ड्यांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. मुंबईच्या जड मोटारींना अलिबाग, काशीद, मुरूड पूर्वीपेक्षा पुष्कळच जवळ आले.

अशा रस्त्यावर सांध्याचे काय होते, हे क्रमाने पाहणे इष्ट आहे. ज्या रचनेत स्प्रिंग खालच्या हातावर टेकलेली असते, तेथे गाडीच्या पुढल्या भागाचा भार खालच्या सांध्यातून जातो. वरचा सांधा मुख्यतः दिशा राखतो. चाक खड्ड्यात आदळले, की हा भार क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. अस्तर दबते व गोळ्याभोवती बारीक पोकळी पडते. खडी उडून किंवा रबर वाळून आवरणाला चीर गेली, तर पावसाचे पाणी आत शिरते. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्यात भर पडते ती खारट हवेची. ओहोटीच्या वेळी पुळणीवर मोटारी उतरविण्याची हौस असेल, तर वाळू आणि समुद्राचे पाणी थेट सांध्यापर्यंत पोचते. गुळगुळीत पोलादी गोळ्यावर गंजाचे खड्डे पडले, की तोच गोळा अस्तराला कानशीप्रमाणे खाऊ लागतो.

प्रथम गतिरोधकावरून जाताना खटखट ऐकू येते. मग टायर एका कडेला अधिक झिजतो. नंतर सुकाणू सैल वाटते आणि सरळ रस्त्यावरही गाडी भरकटू पाहते. शेवटी गोळा खोबणीतून निखळतो व चाक आडवे होऊन गाडीखाली दुमडते. जेथे भाराची ओढ गोळ्याला खोबणीतून बाहेर खेचणारी असते, तेथे हा शेवट विशेष आकस्मिक असतो. काशेडीसारख्या घाटात तो वळणावर ओढवला, तर चालकाच्या हाती काही उरत नाही.

५

म्हणून सर्व दोष रस्त्याचा व समुद्राचा, असे म्हणून मोकळे होता येईल काय? इतिहास तसे सांगत नाही. २००५ साली टोयोटा कंपनीने अमेरिकेत सात लाखांहून अधिक मालमोटारी व एस.यू.व्ही. परत बोलाविल्या. त्यांच्या पुढील उखळीच्या सांध्यांतील गोळ्यांचा पृष्ठभाग घडणीतच खरखरीत राहिला होता. तेथे आरोपी ना खड्डा होता, ना पावसाळा. म्हणजे एकाच शेवटाकडे नेणारी कारणे दोन असू शकतात, आणि त्यांचा निवाडा पुराव्याने व्हावा लागतो. घडणीचा दोष असेल, तर तो एका विशिष्ट काळात बनलेल्या गाड्यांत, मग त्या कोणत्याही प्रांतात धावोत, आढळेल. रस्त्याचा व हवामानाचा दोष असेल, तर तो एका प्रदेशातील अनेक बनावटींच्या गाड्यांत आढळेल. या दृष्टीने पेण, माणगाव, महाड येथील गॅरेजांतील दुरुस्तीच्या वह्या हे वाहतुकीच्या इतिहासाचे अस्सल साधन होय. गाडी कोणत्या सालची, किती किलोमीटर चाललेली, आवरण फाटलेले की शाबूत, एवढ्या तीन नोंदी जरी सातत्याने झाल्या, तरी पुष्कळसा वाद मिटेल.

अपघातानंतरच्या चौकशीलाही हेच लागू आहे. तुटलेला सांधा अपघाताचे कारण की परिणाम, हे तुटलेल्या पृष्ठभागावरून समजू शकते : ताजा आघात उजळ धातू दाखवितो, जुनी झीज गंजलेली, काळवंडलेली व घासलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १३६ अन्वये अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करता येते. ती केवळ ब्रेक व दिवे यांपुरती न राहता पुढील सांध्यांपर्यंत गेली, तर मृत चालकावर निष्कारण ठपका येण्याचे टळेल.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात दोन कलमे आली आहेत, आणि ती एकत्र वाचण्याजोगी आहेत. कलम ११०-अ नुसार सदोष वाहने परत बोलाविण्याचा आदेश शासन देऊ शकते. कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या बांधणीत वा निगेत ठरविलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर ठेकेदार व संबंधित अधिकारी यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडी आणि रस्ता या दोहोंची जबाबदारी कायद्याने अशा रीतीने मान्य केली आहे. तिसऱ्याची, म्हणजे मालकाची, बाजू मात्र तशीच राहिली. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि तेवढ्या अवधीत तिला योग्यता-तपासणीसाठी नेण्याची सक्ती नाही. कोकणात पंधरा वर्षे म्हणजे पंधरा पावसाळे.

येथेच 'अकाली' या शब्दाचा अर्थ तपासून घेणे अगत्याचे ठरते. सांध्याचे आयुष्य कारखाना किलोमीटरांत मोजतो, आणि ते मोजताना एक सरासरी रस्ता मनाशी धरतो. रायगडच्या किनाऱ्यावर ते पावसाळ्यांत मोजले पाहिजे. त्या मापाने जे लवकर झिजले असे वाटते, ते पुष्कळदा आपल्या वेळेवरच झिजलेले असते. केवळ ते पाहावयास कोणी वाकलेले नसते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडचा तो १९२८ सालचा पूल सावित्रीच्या पुरात कोसळला. दोन एस.टी. बसगाड्या व एक खासगी मोटार आतील माणसांसह नदीत गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये उभा राहिला. दगडी पूल आणि पोलादी सांधा यांत आकाराचे अंतर प्रचंड आहे, परंतु दोहोंची कथा एकाच सूत्राने बांधलेली आहे : जे नित्य भार वाहते आणि ज्याची झीज वरून दिसत नाही, त्याच्याकडे पाहण्याचा नेम ठेवावाच लागतो. बैलगाडीवाल्याचा तो नेम नळ्याच्या रूपाने त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत असे. बंद सांध्याच्या मोटारीला नळा नाही. म्हणून दर पावसाळ्याच्या आधी व नंतर गाडी उचलून, चाक दोन्ही हातांनी हलवून पाहणे आणि रबराच्या आवरणावर बोट फिरविणे, एवढा तरी रिवाज या किनाऱ्याने नव्याने घालून घेतला पाहिजे.