टोनी आयोमी यांचा गिटारध्वनी

ब्लॅक सबाथ या बर्मिंगहॅम येथील रॉक बँडचे गिटारवादक टोनी आयोमी (जन्म: १९ फेब्रुवारी १९४८) यांच्या वादनातील जड, गडद ध्वनी हा आरंभीच्या हेवी मेटल संगीताचा नमुना मानला जातो. तो हुबेहूब पुन्हा निर्माण करण्याचे प्रयत्न वादक व उपकरणनिर्माते आजही करतात.

आयोमी डावखुरे आहेत. वयाच्या १७व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात त्यांच्या उजव्या, म्हणजे तारा दाबण्याच्या, हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्यांनी बोटांसाठी टोपणे बनवली, त्यांवर चामडे चढवले आणि दाबण्यास हलक्या अशा बारीक तारा वापरल्या. तारा तीन अर्धस्वरांनी उतरवण्याची त्यांची प्रसिद्ध पद्धत मात्र 'मास्टर ऑफ रिॲलिटी' (१९७१) या अल्बमपासूनची आहे. १९७० मधील पहिल्या अल्बमला ती लागू करणे चुकीचे ठरते.

या ध्वनीचा उगम पी-९० पिकअपची गिब्सन एसजी गिटार, डॅलस रेंजमास्टर आणि लेनी कंपनीचा १०० वॉटचा ट्यूब ॲम्प्लिफायर यांच्या जोडणीत आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर चालणारा रेंजमास्टर खालच्या स्वरांपेक्षा वरचे स्वर अधिक वाढवतो. या वाढीव संकेतामुळे ॲम्प्लिफायरच्या ट्यूबवर अतिभार येऊन ध्वनी फाटतो; खालचे स्वर आधीच मर्यादित असल्याने तो गढूळ होत नाही. आधुनिक पेडलवर केवळ डिस्टॉर्शन वाढवल्यास नेमकी हीच स्पष्टता हरवते.

आयोमी यांच्या रेंजमास्टरच्या अंतर्गत रचनेत फेरफार केलेले होते. ते उपकरण पुढे नाहीसे झाल्याने त्याच्या सर्व प्रतिकृती मुख्यतः ध्वनिमुद्रणे ऐकूनच जुळवाव्या लागतात.