हौस, हाव आणि जिजाईचे घर

नवे लुगडे अंगावर यावे, फडताळात चार लखलखीत भांडी असावीत, सणाला ताटात गोडधोड पडावे, एखादे न पाहिलेले गाव पाहावे, असे कोणाला वाटत नाही? सर्वांनाच वाटते. पण कीर्तनात वैराग्याचे निरूपण सुरू झाले की समोर बसलेला साधा प्रपंची मनातून खजील होतो. संतांनी सर्व टाकले आणि आपले मन अजून बाजारातच फिरते, असे त्याला वाटते. संतांनी नेमके काय टाकले, हे इतिहास उघडून पाहिले पाहिजे.

आधी आपला देवच पाहा. पंढरीनाथाच्या नित्योपचारांत काकडा, महापूजा, महानैवेद्य, पोशाख, धूपारती, शेजारती असा क्रम आहे. पोशाख हा देवाचा रोजचा उपचार आहे. देवाला आरसा दाखवण्याची सेवाही परंपरेने चालत आली. उन्हाळ्यात त्याला चंदनाची उटी लागते. आणि त्याची संतमंडळी कोण? नामदेवराय शिंप्याच्या कुळातले, नरहरी महाराज सोनार, गोरोबाकाका कुंभार. कपडा, दागिना, मडके या लोकांच्या हौसेच्या आणि गरजेच्या वस्तू त्यांच्याच घराण्यांच्या हातून घडत होत्या. त्यांनी आपला धंदा पाप मानला नाही. धंदा करता करता नाम घेतले.

आता देहूला येऊ. तुकोबारायांचे मोरे घराणे महाजनकीचे. वाणीपणाचा व्यापार, जोडीला सावकारी. गिऱ्हाईकाचे मन कोणत्या वस्तूपाशी घुटमळते, हे दुकानावर बसणाऱ्याला जितके कळते तितके कोणाला कळत नाही. अशा घरावर शके १५५२ चा, म्हणजे इ. स. १६३० चा भीषण दुष्काळ कोसळला. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली. व्यापार बुडाला. पुढे घरातील कर्जखते बाहेर निघाली. तुकोबांनी निम्मी खते धाकटे बंधू कान्होबा यांना दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली.

येथे क्षणभर थांबा. तुकोबांनी डोहात काय बुडवले? दुष्काळात होरपळलेल्या कुळाच्या घरातले किडूकमिडूक आपल्या घरी ओढून आणण्याचा अधिकार त्यांनी बुडवला. आणि कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती ठेवला. आपले वैराग्य भावावर लादले नाही. पुढे शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा त्यांनी परत केला, असे परंपरा सांगते. त्या प्रसंगाच्या तपशिलाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्यातला तुकोबांचा स्वभाव कर्जखतांच्या प्रसंगाशी जुळतो.

मग जिजाई. तिचे नाव निघाले की मंडपात हशा पिकतो. भांडखोर बायको म्हणून तिची नक्कल होते. पण ती कोण होती? पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची लेक. भरल्या घरातून आली आणि दुष्काळाने धुऊन नेलेल्या घरात नांदली. तिने आपल्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापारासाठी दिले आणि तुकोबांनी ते नफ्यासकट वाटेत एका गांजलेल्या माणसाला देऊन टाकले, ही कथा आपण सांगतो. तुकोबांच्या दातृत्वाला आपण टाळी देतो. ती दिलीच पाहिजे. पण त्या संध्याकाळी चूल कशी पेटली, हे कोणी विचारत नाही. जिजाई पैठणी मागत नव्हती, मुलांपुरते दाणे मागत होती. त्या मागणीला हाव म्हणणे हा अन्याय आहे. त्यागाचा उपदेश भरल्या ताटाला करावा, रिकाम्या ताटाला करू नये.

उसाच्या मोळीची कथाही तशीच. वाटेत पोरांनी ऊस मागितला आणि तुकोबा देत गेले. घरी पोहोचेपर्यंत एकच कांडे उरले. गोडाची वासना वाईट, असा उपदेश त्यांनी त्या पोरांना केला नाही. त्यांचे तोंड गोड केले. जिजाईने तो ऊस रागाने मारला हे आपण रंगवून सांगतो, पण पोरांच्या हौसेला संताने मान दिला हे सांगायचे राहते.

महिपतिबुवांनी 'भक्तविजय' शके १६८४ मध्ये आणि 'भक्तलीलामृत' शके १६९६ मध्ये पूर्ण केले. म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. तेव्हा त्यांतल्या कथांना दप्तरातल्या कागदाची जागा देता येत नाही. पण संप्रदायाने काय जिवापाड जपले, हे त्यांतून कळते. त्यांत हौसेवर राग नाही. राग आहे तो दुसऱ्याचा घास ओढणाऱ्या हावेवर.

वारकऱ्याला हा भेद अंगवळणी पडलेला आहे. वारीला पायी निघणे ही प्रवासाची हौसच. परतताना पिशवीत चुरमुरे, बत्तासे, कुंकू, बुक्का, लेकीसुनांसाठी बांगड्या येतात आणि घरी पोहोचताच आळीभर वाटल्या जातात. हौस वाटल्याने वाढते. हावेला वाटेकरी चालत नाही.

आज ही कसोटी लग्नाच्या बैठकीत लावून पाहा. सुनेला नवी साडी घ्यावीशी वाटली, तर ती हौस आहे. आपल्या ऐपतीत असेल तर आनंदाने घ्या. पण मुलाकडचे माळकरी मानपानाची यादी पुढे करतात आणि मुलीचा बाप जमीन गहाण टाकून ती पुरी करतो, तेव्हा बैठकीत नवे कर्जखत लिहिले जाते. गळ्यात तुळशीची माळ असताना ते खत हातात धरू नये. तुकोबांनी तशी खते इंद्रायणीत सोडली. आपण निदान ती यादी बैठकीतच फाडावी.

रामकृष्णहरी.