आयपी फोन : कचेरीतला दूरध्वनी इंटरनेटवर

आयपी फोन दिसायला टेबलावरच्या जुन्या दूरध्वनीसारखाच असतो. फरक आहे तो तारेत. जुन्या यंत्रातून तांब्याची जोडतार थेट एक्स्चेंजपर्यंत जाई; आयपी फोन मात्र आवाजाचे अंकीय तुकडे करून ते संगणकाच्याच जाळ्यातून धाडतो. घंटी वाजवणे, जोडणी करणे व तोडणे ही कामे बहुतेक यंत्रांत ‘एसआयपी’ या संकेतप्रणालीनुसार चालतात. एका संभाषणाला दोन्ही दिशांना जेमतेम १०० किलोबिट प्रतिसेकंद वेग पुरतो. वेगापेक्षा विलंब घातक: आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की दोघेही एकदम बोलू लागतात.

सुरतेच्या हिरे-व्यापाराकडे पाहिले की या यंत्राचा उपयोग ध्यानी येतो. हिऱ्यांना पैलू पाडायचे सुरतेत आणि सौदा करायचा मुंबईत, ही जुनी विभागणी. खजोद येथील सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले, तेथे चार हजारांवर कार्यालयांची सोय आहे. पण मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्सही आहेच. कतारगामात कारखाना, खजोदला कचेरी आणि मुंबईत शाखा असलेल्या पेढीला ही तिन्ही ठिकाणे एकाच ईपीएबीएक्सवर आणता येतात. मग मुंबईची शाखा म्हणजे केवळ तीन आकडी एक्स्टेन्शन. टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवले तरी यंत्राबरोबर क्रमांकही जातो.

एसटीडीचा खर्च वाचतो, असे विक्रेते अजूनही सांगतात. मोबाइलच्या दरांनी तो मुद्दा केव्हाच निकालात काढला आहे. खरा लाभ निराळा. कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर व्यवहार चालत असेल, तर तो नोकरी सोडताना ग्राहकांचे संपर्कही घेऊन जातो. कचेरीचा क्रमांक मात्र पेढीकडेच राहतो.

भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित मुभा मिळाली. इंटरनेटवरून निघालेला कॉल देशातील साध्या दूरध्वनीवर उतरवण्यास तेव्हा मनाई होती. परवानाधारक दूरध्वनी कंपन्यांना अशी सेवा देण्याची वाट २०१८ मध्ये स्पष्टपणे मोकळी झाली. म्हणून बाहेरचा क्रमांक घ्यायचा तो अशा कंपनीकडूनच. स्वस्तात परदेशी कॉल स्थानिक क्रमांकावर वळवून देणारी बेकायदा एक्स्चेंजे पोलिसांच्या कारवाईस पात्र ठरतात.

यंत्राची मोठी उणीव विजेची. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा प्रवाह मिळे, त्यामुळे घरात अंधार असला तरी तो चाले. आयपी फोन वीज गेली की मुका होतो. पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे गोव्यातील वाचकांना सांगायला नको. केवळ फोनला नव्हे, तर राउटर आणि स्विच या दोन्हींनाही यूपीएसचा आधार हवा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने सुरतेचा बराच भाग बुडवला होता. अशा शहरात ही उपकरणे तळमजल्यावर ठेवू नयेत. यंत्राचा मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा. तो तसाच राहिल्यास कोणी परका रात्रीतून परदेशी कॉल करतो आणि बिल पेढीच्या नावे येते.